पाऊस पडतो, पाऊस पडालाय : कोल्हापुरातून दिलेली आयईएलटीएस

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचं मी जानेवारी २०२४ मध्ये ठरवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये निकाल हातात आला. या काळात वॉर्डातल्या आणि ओळखीतल्या कितीतरी जणींनी "कसं केलंस?" म्हणून विचारलं. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यांत सांगत आले, आता एकदा सलग लिहिते.

मी कोल्हापुरात एका खाजगी रुग्णालयात अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालीय, पण दहावीपर्यंत शाळा मराठी, गाव करवीर तालुक्यातलं. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा लागते. आयईएलटीएस ॲकॅडमिक घेतली तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत किमान ७ आणि लिहिण्यात ६.५ बँड, म्हणजे या परीक्षेतले गुण, हवेत. आरोग्य क्षेत्रासाठीची ओईटी ही वेगळी परीक्षाही चालते, पण तिची फी बरीच जास्त होती म्हणून मी आयईएलटीएसकडे वळले.

सुरुवात पासपोर्टपासून. भारतात ही परीक्षा द्यायला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळं त्यासाठी पुण्याला जावं लागलं नाही. ऑनलाइन अर्ज, दीड हजार रुपये फी, ठरलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन हजेरी, मग पोलीस पडताळणी. पडताळणीला हवालदार आले तेव्हा मी ड्युटीवर होते आणि सासूबाईंनी "ती कामावर गेलीया, थांबा जरा" म्हणून त्यांना चहा दिला. माझी अडचण नावाची होती. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाचा दाखला काढून नावं जुळवण्यातच फेब्रुवारी संपला. तुमचंही असं असेल तर परीक्षेची तारीख घेण्याआधी हे उरकून घ्या, कारण निकालावर पासपोर्टवरचंच नाव येतं आणि पुढं प्रत्येक अर्जात तेच जुळावं लागतं.

मार्चमध्ये क्लास लावला. दोन महिन्यांचे नऊ हजार. वाचणं आणि ऐकणं तिथं बरं शिकवलं, सराव भरपूर करून घेतला, त्याचा फायदा मला शेवटपर्यंत झाला. पण बोलणं आणि लिहिणं पुढं सरकेना. मे महिन्यातल्या सराव परीक्षेत बोलण्यात ५.५ आले. कागदावर लाल शाईनं एकाच जातीच्या चुका अधोरेखित केलेल्या होत्या. "द पेशंट इज हॅविंग फीवर." "आय ॲम नॉट नोइंग." "माय मदर-इन-लॉ इज लिव्हिंग विथ अस." "एव्हरी डे आय ॲम गोइंग बाय बस."

म्हणजे सगळीकडे 'आयएनजी'. क्लासमध्ये यावर एक तक्ता दिला होता : वाक्यात 'नाऊ' असेल तर आयएनजी, 'एव्हरी डे' असेल तर साधा वर्तमानकाळ. कागदावर रिकाम्या जागा भरताना तो तक्ता उपयोगी पडायचा. पण बोलताना समोरचा माणूस 'नाऊ' किंवा 'एव्हरी डे' असले शब्द हातात आणून देत नाही. माझ्या मनात आधी मराठी वाक्य यायचं, मग तक्ता आठवायचा, तोवर वाक्य तोंडातून बाहेर पडलेलं असायचं. त्या रात्री घरी येऊन मी खूप रडले. अकरा वर्षं पेशंटच्या फायलींवर 'इज हॅविंग पेन' लिहीत आले होते आणि कोणीही मला थांबवलं नव्हतं, कारण आमच्याकडं सगळेच तसं लिहितात.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. चौतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. सगळी पेठ त्यांना बाई म्हणते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन त्यांच्या सोप्यात जाऊन बसले. बाहेर पाऊस लागला होता. बाईंनी माझा तक्ता पाहिला, वही मिटली आणि म्हणाल्या, "बाहेर बघ आणि काय चाललंय सांग. आपल्या भाषेत सांग."

"पाऊस पडालाय."

"आणि गगनबावड्यात?"

"तिथं लई पडतो की ओ बाई. कायमच."

"मग तिथं पाऊस पडालाय असं का नाही म्हणालीस?"

"आत्ता पडालाय का न्हाई ते हितनं मला कुठं दिसालंय?"

बाई काही बोलल्याच नाहीत. मीच एकदम गप्प झाले, कारण उत्तर माझ्याच तोंडातून आलं होतं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं चालू असलेल्या क्रियेला क्रियापदाचं वेगळंच रूप आहे. काय करालायस, जेवालोय, पाणी वाढालंय, पोरं खेळालीत. तुमच्याकडं 'पडतोय, करतोय' म्हणतात तेच. शाळेत आम्हाला 'मी जातो' हा साधा वर्तमानकाळ आणि 'मी जात आहे' हा अपूर्ण वर्तमानकाळ असं शिकवलं, पण 'जात आहे' असं आमच्या घरात कधी कोणी बोललंच नाही. ते पुस्तकातलं वाक्य होतं. त्याच्यावर इंग्रजीचं 'इज गोइंग' बसवायचं म्हणजे एका परक्या गोष्टीवर दुसरी परकी गोष्ट. आणि जे रूप मी रोज दिवसातून शंभर वेळा अचूक वापरत होते, ते 'अशुद्ध' म्हणून मी वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत जात होते.

गगनबावड्यात पाऊस पडतो, ही त्या जागेची ओळख आहे. बाहेर पाऊस पडालाय, यात मी त्या घडण्याच्या मधोमध उभी आहे. 'इट रेन्स अ लॉट इन गगनबावडा.' 'इट इज रेनिंग.' यात 'नाऊ' नाही आणि 'एव्हरी डे'ही नाही.

बाईंनी घरचा अभ्यास दिला तो असा. ड्युटीवर जे वाक्य इंग्रजीत लिहायचं, ते आधी मनात कोल्हापुरीत म्हणायचं. '-आलाय, -आलंय' सहज येत असेल तर आयएनजी, नाहीतर साधं रूप. 'पेशंटला ताप असालाय' असं कोणी म्हणेल का? नाही म्हणणार, 'ताप हाय' म्हणणार. म्हणून 'द पेशंट हॅज अ फीवर'. 'मी त्याला ओळखालोय' असं कोणी म्हणत नाही. म्हणून 'आय नो हिम'. 'आजी जेवालीया' म्हणतात, म्हणून 'शी इज हॅविंग लंच' बरोबर. हॅव तेच, पण एकदा 'असणं' आणि एकदा 'खाणं'. हे इंग्रजीत का तसं आहे ते मला कोणी समजावून सांगितलं असेलही, पण कळलं या चाळणीतून.

ही चाळणी काही ठिकाणी गळते. 'मला वाटालंय', 'कळंना झालंय', 'आवडालंय', 'दिसालंय', 'ऐकू यालंय' असं आपण खुशाल म्हणतो, पण इंग्रजीत तिथं 'आय थिंक', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'आय लाइक', 'आय कॅन सी', 'आय कॅन हिअर' असंच म्हणायचं. म्हणजे मनात, डोक्यात, डोळ्या-कानांत आपोआप होणाऱ्या गोष्टी. ही पाचच क्रियापदं मी एका चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली. 'आय ॲम थिंकिंग' चालतं, पण ते 'विचार करालोय' या अर्थी, 'मला वाटतं' या अर्थी नाही.

दुसरी गळती 'पासून'ची. 'मी अकरा वर्षांपासून इथं काम करालोय' हे आपलं वाक्य चोख आहे, पण इंग्रजीत 'आय ॲम वर्किंग सिन्स इलेव्हन इयर्स' चुकतं. तिथं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर इलेव्हन इयर्स' लागतं. हे मात्र मी तोंडपाठच केलं.

आमच्या कामात हा फरक गुणांपुरता नाही, हे मला जुलैमध्ये वॉर्डात उमगलं. 'शी लिव्हज विथ हर सन' आणि 'शी इज लिव्हिंग विथ हर सन'. पहिल्यात आजी मुलाकडेच राहते, तिचं घर तेच. दुसऱ्यात सध्या त्याच्याकडं आहे, नंतर कुठं जाईल ते विचारायला हवं. डिस्चार्जच्या वेळी पाय मोडलेल्या आजीला जिना चढायचा आहे की नाही, हे त्या एका 'इज'वर ठरू शकतं. 'ही टेक्स ॲस्पिरिन' म्हटलं तर त्याचं कायमचं औषध, ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. 'ही इज टेकिंग ॲस्पिरिन' म्हटलं तर बहुधा हल्ली काही दिवस सुरू आहे, मग का आणि कधीपासून ते विचारायचं. 'ही स्मोक्स' ही सवय झाली. 'ही इज स्मोकिंग' म्हटलं तर तो आत्ता जिन्याखाली उभा राहून ओढतोय, जा आणि थांबव. माझ्या जुन्या फायलींत हे सगळे फरक पुसलेले होते. परीक्षा नसती तरी हे शिकायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

जुलैच्या शेवटी पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ असतात. त्या आठवड्यात नदीनं धोका पातळी ओलांडली. माझ्या मोबाइलवर दर तासाला "पाणी वाढालंय" असे निरोप येत होते. मुलगी चौथीत आहे, तिच्याबरोबर मी तो आठवडा इंग्रजीत काढला. 'द रिव्हर राइजेस एव्हरी मॉन्सून.' 'द रिव्हर इज राइजिंग.' "आई, म्हणजे पहिलं वाक्य घाबरायचं न्हाई आणि दुसरं घाबरायचं?" असं तिनं विचारलं. मला तेवढं सोपं करून सांगता आलं नसतं.

पुराचा एक धडा व्यवहारातलाही आहे. माझं परीक्षा केंद्र पुण्यात होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. त्यामुळं जुलैची शेवटची आणि ऑगस्टची पहिली तारीख मी मुद्दाम टाळली. संगणकावरच्या परीक्षेला तारखा भरपूर मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी ही काळजी घ्याच. तेव्हा, २०२४ मध्ये, सतरा हजार रुपये फी होती, एवढे पैसे भरून रस्त्यात अडकणं परवडत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार. आदल्या दिवशी दुपारीच मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरली. महिला सन्मान योजनेमुळं अर्धं तिकीट. महामार्गाचं काम सुरू असल्यानं स्वारगेटला पोचायला सहा तासांच्या वर लागले, म्हणून आदल्या दिवशी निघणंच शहाणपणाचं. मुक्काम नणंदेकडं कोथरूडला. सकाळी केंद्रावर पासपोर्ट, फोटो, बोटांचे ठसे. घड्याळ, मोबाइल, पर्स सगळं बाहेर. पाण्याची बाटली पारदर्शक आणि वरचा कागद काढलेली. आधी ऐकणं, मग एक तास वाचणं, मग एक तास लिहिणं, मध्ये सुट्टी नाही. लिहिण्याच्या पहिल्या भागाला वीस मिनिटं आणि दीडशे शब्द, दुसऱ्याला चाळीस मिनिटं आणि अडीचशे शब्द. दुसऱ्या भागाला गुणही दुप्पट, म्हणून पहिल्यात रेंगाळू नका. मी रेंगाळले.

बोलण्याची परीक्षा दुपारी, ११ ते १४ मिनिटांची. पहिली चार-पाच मिनिटं घर, काम, आवडीनिवडी. इथंच साध्या वर्तमानकाळाची खरी कसोटी असते, कारण सगळे प्रश्न तुम्ही कोण आहात, कुठं राहता, काय करता असे 'गगनबावड्याचे' असतात. परीक्षक बाईंनी कामाबद्दल विचारलं आणि तोंडपाठ केलेलं वाक्य बाजूला राहून पहिलंच वाक्य 'आय ॲम वर्किंग...' असं निघालं. चूक माझ्या मला ऐकू आली, हात गार पडले. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणं. तिथं सावरले.

काही दिवसांत निकाल आला. ऐकणं ७.५, वाचणं ७, बोलणं ६.५, लिहिणं ६. बोलण्यात आणि लिहिण्यात अर्धा-अर्धा बँड कमी. माझे मिस्टर गोकुळ शिरगावला कारखान्यात पहिल्या पाळीला होते, त्यांना फोन केला तर म्हणाले, "पुन्हा दे. ओव्हरटाइम करतो मी." तेव्हा मला बोलता आलं नाही.

एक नियम खूप जणींना माहीत नसतो, तो इथं सांगते. एनएमसी दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते. दोन्ही परीक्षा बारा महिन्यांच्या आत दिलेल्या हव्यात आणि दोन्ही वेळा ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ६.५ पेक्षा कमी आणि लिहिण्यात ६ पेक्षा कमी नको. माझे सगळे आकडे या चौकटीत बसत होते. म्हणजे दुसऱ्या वेळी मला फक्त बोलण्यात ७ आणि लिहिण्यात ६.५ काढायचे होते आणि बाकी दोन्हींत ६.५ च्या खाली जायचं नव्हतं. हे कळलं त्या दिवशी झोप लागली.

लिहिण्याच्या पहिल्या भागात कधी आलेख येतो, कधी एखादी वस्तू कशी तयार होते त्याचं चित्र. चित्राची मला भीती होती. बाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरी गुऱ्हाळ आहे ना? मग जाऊन लिही." दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा नोव्हेंबरमध्ये दोन सुट्ट्या जोडून गेले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आमच्या घरी तो त्याच्याही पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून होतोय. चुलवाणाच्या बाजूला पोत्यावर बसून वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडं, गूळ कसा होतो. उजवीकडं, आत्ता काय चाललंय.

डावीकडं लिहिलं : ऊस चरकात गाळला जातो, रस काहिलीत ओतला जातो, उकळताना भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढली जाते, पाक झाला की वाफ्यात ओततात, निवला की ढेपा भरतात. इंग्रजीत हे सगळं साध्या वर्तमानकाळात : 'द केन इज क्रश्ड, द ज्यूस इज बॉइल्ड, द स्कम इज रिमूव्ह्ड.' गाळणारा कोण हे महत्त्वाचं नाही, म्हणून कर्ता जातो. उजवीकडं लिहिलं : चुलतदादा चिपाडं टाकालाय, गुळव्या (गूळ करणारा) पाक बोटावर घेऊन बघालाय, वहिनी काकवी गाळालीया, धूर माझ्याकडं यालाय. 'माय कझिन इज फीडिंग द फायर.' चुलतदादानं विचारलं, "काय लिवालीयास एवढं?" मी म्हटलं, "तू काय करालायस तेच." परीक्षेतलं चित्र म्हणजे डावीकडचं पान असतं, हे त्या धुरात डोक्यात पक्कं बसलं. चित्रात बाण असतात, माणसं नसतात. तिथं आयएनजी शिरलं की समजायचं आपण उजव्या पानावर गेलो.

बोलण्यासाठी बाईंकडं रोज रात्री साडेनऊला वीस मिनिटं. त्या प्रश्न विचारायच्या, मी फोनवर रेकॉर्ड करायचे आणि सकाळी बसमध्ये ऐकून चुका मोजायचे. प्रश्न करताना माझी गाडी 'व्हॉट यू आर डूइंग?' अशी उलटी जायची, ती 'व्हॉट आर यू डूइंग?' वर यायला तीन आठवडे लागले. 'ही गोज'च्या जागी 'ही गो' निघायचं, तो राहिलेला 'स'ही असाच. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी आलो' म्हणतात, म्हणून बाई म्हणायच्या, "मी, तू, आम्ही, सगळ्यांना एकच रूप. फक्त एकटा 'तो', एकटी 'ती', एकटं 'ते' आलं की शेपटाला 'स' लाव." पैसे घ्यायला बाईंनी ठाम नकार दिला. शेवटी गुऱ्हाळावरून आणलेली एक ढेप मी गुपचूप त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवून आले.

१४ डिसेंबर, पुन्हा शनिवार, पुन्हा पुणे, पुन्हा सतरा हजार. या वेळी परीक्षकांनी कामाबद्दल विचारल्यावर मी एक श्वास घेतला आणि मनात 'मी नर्स हाय' म्हटलं. 'आय वर्क ॲज अ नर्स.' पुढचं आपोआप आलं. लिहिण्यात पहिला भाग अठरा मिनिटांत संपवला.

ऐकणं ७, वाचणं ६.५, लिहिणं ६.५, बोलणं ७. दोन्ही निकाल एकत्र धरून काम झालं. बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या देवापुढं दिवा लावत होत्या. "बस," एवढंच म्हणाल्या आणि प्रसादाचा गूळ हातावर ठेवला.

खर्च : परीक्षा दोनदा मिळून चौतीस हजार, क्लास नऊ हजार, पासपोर्ट दीड हजार, शिवाय दोनदा पुण्याचं जाणं-येणं. पुस्तकं वाचनालयातून घेतली. बिनपगारी रजा चार दिवस.

निकाल दोन वर्षं चालतो. माझ्या पहिल्या परीक्षेची मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपेल, त्याआधी एनएमसीचा अर्ज, मग त्यांची संगणकावरची परीक्षा. रुग्णालयाकडं अनुभवाचं पत्र मागितलंय, ते अजून सहीला अडकलंय. बाकीचे कागद जुळवालोय.